चिठ्ठीचा रंग

नवा अध्यक्ष येणार म्हणून माळ्याने सकाळीच गवत कापलं, चुन्याच्या रेषा दोनदा मारल्या, गोलच्या खांबांना रंग दिला. तो आला आणि त्याने मैदानाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीतून उतरला, लॅपटॉप काखेत धरला आणि पायरीवर उभ्या असलेल्या मला विचारलं, "चार नंबरचं गेट कुठे आहे?"

"मागच्या गल्लीत. पण ते बंद असतं."

"कधीपासून?"

"एकतीस वर्षं झाली."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो."

आणि गल्लीकडे न जाता जिना चढून वर गेला.

माणूस चाळिशीचा, शिडशिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यामागे बघणारा. त्याची सॉफ्टवेअरची कंपनी होती. गर्दी मोजायचा प्रोग्राम त्याने लिहिला होता. स्टेशनात, बाजारात, दवाखान्यात कॅमेरे लावायचे. कॅमेऱ्यात दिसेल त्या प्रत्येक माणसाभोवती प्रोग्राम हिरवी चौकट काढतो, चौकटी मोजतो आणि त्या फार जवळजवळ आल्या की घंटा वाजवतो: दाटी होतेय, रस्ता मोकळा करा. या एका प्रोग्रामवर तो एवढा मोठा झाला आणि मग त्याने आमचा क्लब घेतला. खालच्या गटात खेळणारा, अर्ध्या खुर्च्या मोडलेला क्लब. का घेतला, ते कोणाला कळेना. खेळाडूंनी दोन दिवसांत त्याचं नाव पाडलं, आकडेसाहेब.

पहिल्या बैठकीत त्याने सगळ्यांना ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं. खेळाडू, कोच, माळी, धोबी, तिकीटवाले, आणि किल्ल्या सांभाळणारा मी. पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "ऑफसाइड म्हणजे नक्की काय?"

कप्तानाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. कोचने मात्र न हसता बाकावर चहाचे कप मांडले आणि समजावलं. हा गोलकीपर, हा बचाववाला, हा आपला. आकडेसाहेबाने वहीत आकृती काढली.

"म्हणजे पुढे जायचं, पण पास सुटायच्या आधी नाही."

"साहेब, तीस वर्षं मी हेच सांगतोय," कोच म्हणाला. "तुम्हाला पाच मिनिटांत कळलं. या गाढवांना अजून कळायचंय. तुम्हीच उतरा शनिवारी."

सगळे हसले. तोही हसला, आणि हसू ओसरायच्या आत म्हणाला, "मला फुटबॉल आवडत नाही. आवड माझ्या ताईला होती. ती एकोणीस वर्षांची होती, मी नऊ. ती मला इथे घेऊन आली होती. चार नंबरच्या गेटाबाहेर जे सात जण गेले, त्यांत ती होती. मला एवढंच शोधायचंय, की त्या दिवशी ते गेट का उघडलं नाही."

कोच हळूच म्हणाला, "काका तेव्हा त्या गेटवर होते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"होतो," मी म्हणालो.

"मग आपण बोलू, काका. सवडीने."

ती सवड त्याने चार महिने काढली नाही. ते चार महिने माझे कसे गेले ते मलाच माहीत. कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात, पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली होतं.

तेव्हा क्लबची पद्धत अशी होती. मैदानाच्या एका बाजूला उंच भिंत, भिंतीत चार गेटं, आणि भिंतीच्या माथ्यावर सेक्रेटरीची केबिन. केबिनच्या एका खिडकीतून मैदान दिसायचं, दुसरीतून बाहेरची गल्ली. सामन्याच्या दिवशी आरडाओरड्यात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही. म्हणून केबिनमधून प्रत्येक गेटावर एक दोरी सोडलेली असायची आणि दोरीला एक पत्र्याची डबी. डबी खाली आली की तिची घुंगरं वाजायची. गेटवाल्याने आतली चिठ्ठी काढायची, वाचायची, मागे सही करून वर पाठवायची. सही झालेल्या चिठ्ठ्या सेक्रेटरी एका खिळ्याला टोचून ठेवायचा.

मला वाचता येत नव्हतं. मेहुण्याने वशिला लावला तेव्हा सांगून टाकलं होतं, चौथी पास आहे. सही बायकोने गिरवून घेतली होती. चित्र काढावं तशी मी ती काढायचो. चिठ्ठ्यांचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात सुटला. सेक्रेटरीकडे कागदाचे दोन गठ्ठे असायचे. एक पांढरा, एक गुलाबी. पहिला महिना मी दोन नंबरवर होतो. गुलाबी आली की शेजारचे गेटवाले धावत जाऊन गेट उघडायचे. पांढरी आली की कोणी हलायचं नाही. अमका पाहुणा पोचला, पगार उद्या मिळेल, असलं काहीतरी त्यात असायचं म्हणे. मी मनाशी धरलं: गुलाबी म्हणजे उघडा, पांढरी म्हणजे आहे तसंच राहू द्या. सहा वर्षं चुकलं नाही. माझ्यासारखा चोख गेटवाला नाही, असं सेक्रेटरी चारचौघांत म्हणायचा. मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना वाटायचं, माणूस विनयशील आहे.

त्या दिवशी शेवटचा सामना होता. लोक खूप आले होते. आत खेळ सुरू झाला, गोल झाला, आतली आरोळी बाहेर गेली आणि गल्लीतले लोक पुढे घुसले. माझं गेट कोपऱ्यात, वळणाच्या पलीकडे. बाकीच्या तीन गेटांशी काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. माझ्या गजांना माणसं येऊन चिकटली. आधी ती ओरडत होती. मग ओरडेनाशी झाली.

डबी खाली आली. घुंगरं वाजली. आत चिठ्ठी होती, पांढरी.

मी ती खिशात घातली आणि गेट बंदच ठेवलं.

चौकशी झाली. खिळ्याला पहिल्या तीन गेटांच्या तीन गुलाबी चिठ्ठ्या होत्या, सह्यांसकट. चौथी नव्हती. सेक्रेटरी सांगत राहिला, मी चौथी पाठवली होती. मला बोलावलं. विचारलं, "गेट उघडायची चिठ्ठी आली होती?" मी म्हणालो, "नाही." मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या हिशोबाने उघडायची चिठ्ठी गुलाबी असते आणि ती आली नव्हती. पांढरी आली होती हे मी सांगितलं नाही, कारण पुढे त्यांनी विचारलं असतं, मग त्यात काय लिहिलं होतं?

सेक्रेटरीला काढलं. वर पदाधिकाऱ्यांचा फलक आहे, त्यावरचं त्याचं नाव खरवडून काढलं. जाताना तो मला जिन्यात भेटला. म्हणाला, "काका, तुम्ही एकदा नीट आठवून बघा." एवढंच. मोठ्याने नाही, रागाने नाही.

चिठ्ठी मी टाकून दिली नाही. कोणाला दाखवलीही नाही.

अकरा वर्षांनी बायकोचे डोळे गेले. तोवर घरातलं सगळं वाचायचं काम तिचं. ती सातवी शिकलेली, मास्तरीण व्हायचं होतं तिला. डोळे गेल्यावर एक दिवस म्हणाली, "दोघांपैकी एकाला तरी वाचता यायला हवं. माझं तर संपलं. बसा इथे." मी बावन्न वर्षांचा होतो. ती तोंडाने अक्षर सांगायची आणि मी ते बोटाने तिच्या तळहातावर काढायचो. चुकलं की त्याच हाताची चापट बसायची.

"हा क आहे? ही कावळ्याची चोच झाली. पुन्हा काढा."

"अगं, क म्हणजे कावळाच ना."

"फार बोलायला नको. काढा."

वर्षभराने मला सुटी अक्षरं लागायला लागली. मग एका दुपारी ती पडली असताना मी पेटीतून चिठ्ठी काढली. शाई फिकी पडली होती, पण अक्षर सुबक होतं. सेक्रेटरीचं अक्षर. पहिला शब्द सोपा होता, गेट. पुढे चारचा आकडा, तो मला आधीही यायचा. मग एक लांब शब्द, तो सोडला. मग तीन अक्षरं. मी ती पाहिली. पुन्हा पाहिली. माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून बायकोला उठवलं, तिचा हात ओढला आणि त्यावर ती तीन अक्षरं एकेक काढली.

"उ," ती म्हणाली. "घ. डा. उघडा. काय उघडा?"

मी लांब शब्दही काढला. ता, ब, ड, तो, ब.

"ताबडतोब उघडा. अहो, कशात लिहिलंय हे?"

मी तिला सांगितलं. ती बराच वेळ हात तसाच पसरून बसली. मग म्हणाली, "आत्ता उठा आणि त्या सेक्रेटरींच्या घरी जा."

मी गेलो. दुसरंच कोणी राहत होतं. त्या बाईने सांगितलं, ते मागच्या हिवाळ्यात वारले. बायको आधीच गेली होती, मुलगा दूरदेशी.

घरी येऊन मी चिठ्ठी पुन्हा पेटीत ठेवली. आता सांगायचं कोणाला, असं म्हणालो. बायको म्हणाली, "ज्यांची माणसं गेली त्यांना." मी म्हणालो, बघू. बघू म्हणता म्हणता एकोणीस वर्षं गेली, आणि त्या सातांपैकी एकीचा भाऊ लॅपटॉप काखेत धरून माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला. गुलाबी कागद तीन नंबरलाच संपले असतील एवढं मला एव्हाना उमगलं होतं. सेक्रेटरीने घाईत दुसऱ्या गठ्ठ्यावर लिहिलं. त्याच्यासाठी रंग ही नुसती सवय होती, नियम नव्हता. तो नियम फक्त माझा होता.

आकडेसाहेबाने दोन महिन्यांत सगळं बदललं. खुर्च्या बसवल्या, गेटांवर कॅमेरे लावले. निरोप आता फोनवर यायचे आणि प्रत्येक निरोपाखाली एक बटण असायचं, "वाचलं". सगळ्यांनी ते दाबेपर्यंत त्याला चैन पडायची नाही. कोण राहिलं ते त्याला वर बसल्या बसल्या दिसायचं. उशीर झाला की स्वतः खाली येऊन विचारायचा. कोच म्हणायचा, "मी तर झोपेतही दाबतो. बायकोला वाटतं, हृदय बघतोय."

कॅमेऱ्यांचं काम एक तरुण इंजिनियर मुलगी बघायची. एका शनिवारी सामना सुरू व्हायच्या जरा आधी तिचा मला फोन आला.

"काका, चार नंबरला कोणीतरी उभं आहे. गल्लीतून. जरा बघता का?"

"तिथून कोणी येत नाही. शटर गंजून गेलंय."

"उभं आहे, काका. पंधरा मिनिटं झाली, हलत नाहीये. एक चौकट दिसतेय."

मी वळसा घालून गल्लीत गेलो. तीनचं ऊन पडलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शटर, त्याच्यापुढे जुने गज, गजांना गंज.

"कोणी नाही," मी फोनवर म्हणालो.

तिने पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "आता दोन दिसताहेत. एक तुम्ही. दुसरं तुमच्या डाव्या हाताला आहे. अगदी जवळ."

मी डावीकडे पाहिलं नाही. मान वळेचना. पलीकडे मैदानात लोक गरजले तशी भिंत हलल्यासारखी झाली. मी तिथून निघालो, तो मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मागे वळलो नाही.

दोन दिवसांनी मुलीने छडा लावला. शटरवर गंजाचा एक डाग होता, माणसाच्या उंचीचा. दुपारचं ऊन ठरावीक कोनातून आलं की गजांची सावली त्यावर पडायची आणि प्रोग्राम फसायचा. ती आकडेसाहेबाला म्हणाली, "सर, एका ओळीचं काम आहे. तेवढा भाग वगळते."

मी तेव्हा तिथेच होतो, कपाटाची किल्ली द्यायला गेलो होतो. तो म्हणाला, "नको."

"पण सर, आकडा चुकतोय. दर शनिवारी एक जास्त."

"चुकू दे."

आपल्या प्रोग्रामात एकाचाही फरक पडला की जेवण सोडणारा माणूस. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तो पडद्यावरच्या त्या चौकटीकडे बघत होता. "उंची बघ," तो म्हणाला, मला की तिला की स्वतःला, कळलं नाही. "उंची बरोबर आहे."

त्यानंतर सामन्याच्या वेळी तो मैदानाकडे पाठ करून त्या एकाच पडद्यासमोर बसायला लागला. डाग आहे हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी शनिवार आला की मी गल्लीतून जायचं टाळायचो, आणि टाळूनही डाव्या खांद्याजवळ कोणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. बरोबर श्वास नव्हे. घ्यायला जागा नसल्यावर माणूस जसा घेतो, तसा.

मग एका सोमवारी फोनवर निरोप आला. चार नंबरचं गेट दुरुस्त करून उघडणार. बाजूला दगडी पाटी लावणार. पाटीवरचा मजकूर खाली दिला होता. सगळ्यांनी वाचावा, चूक असल्यास सांगावी. सात नावं होती, आणि खाली लिहिलं होतं: "गेट उघडण्याचा निरोप तेव्हाच्या सेक्रेटरींनी पाठवला नाही, म्हणून हे जीव गेले."

खाली बटण. "वाचलं".

मी फोन खिशात ठेवला. घरी गेल्यावर बायकोला मजकूर वाचून दाखवला.

"दाबलंत?" तिने विचारलं.

"नाही."

"सांगितलंत?"

"नाही."

"मग काय करणार आहात?"

"विचार करतोय."

"तेव्हा तुम्हाला वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "आता येतं. मी शिकवलंय. आता कुठली सबब काढणार, तेवढं मला सांगा." आणि कूस बदलून पडून राहिली. सकाळी मी पेटी उघडली, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "उजव्या कोपऱ्यात आहे." तिने हाताने चाचपून कधीतरी बघून ठेवलं होतं.

बुधवारी दुपारी आकडेसाहेब किल्ल्यांच्या खोलीत आला. खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक स्टूल, एक टेबल, भिंतीवर खिळे.

"काका, एकोणचाळीसपैकी अडतीस जणांनी दाबलं. फोन बिघडलाय का?"

"नाही."

"मग? मजकुरात चूक आहे?"

"आहे."

तो स्टुलावर बसला. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्याने ती उचलली नाही, वाकून वाचली. एकदा, मग बोट ठेवून पुन्हा.

"हे आलं होतं?"

"डबीतून आलं होतं. गोल झाल्यावर लगेच."

"आणि तुम्ही वाचलं नाही?"

"मला वाचता येत नव्हतं, साहेब."

मग मी सगळं सांगितलं. पांढरा, गुलाबी, माझी सही, सेक्रेटरी, बायकोचा तळहात. मी थांबल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आता उठेल आणि मारेल. बरं होईल, असंही वाटलं. पण हात काढले तेव्हा तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रंग," तो म्हणाला. "तुम्ही रंगावरून नियम बनवलात आणि सहा वर्षं तो चालला. चालला म्हणून कोणी तपासला नाही. काका, माझ्या कंपनीतली हुशार हुशार मुलं रोज हीच चूक करतात. मी स्वतः केलीय." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एकतीस वर्षं मी एका मेलेल्या माणसाचा राग करत आलो. आता कोणाचा करू? तुमचा नाही होत. कागद संपला, बस. एवढंच होतं तर."

हात खांद्यावर तसाच होता. गरम, घामेजलेला. मला माफी मिळत होती. ती घेऊन गप्प बसणं एवढंच काम होतं. बायकोलाही मी इतकंच सांगितलं होतं, तिलाही यापुढचं माहीत नव्हतं.

तो उठला. दारात थांबला. "एक विचारू? मला त्या दिवसाचं सगळं दिसतं. पण ऐकू काहीच येत नाही. ताईचा आवाज कसा होता तेही आठवत नाही. कोणीतरी मला मानगुटीला धरून गजांवरून आत ओढलं."

"मीच."

"तुम्ही?"

"तिने तुम्हाला डोक्यावर उचलून धरलं होतं. मी आतून वर चढलो आणि ओढलं."

तो परत आला. बसला नाही. "म्हणजे ती तुमच्या समोर होती. काही बोलली का ती? काहीही. एखादा शब्द."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. गोंगाटात ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरं वाटलं असतं. पण डाव्या खांद्याशी तो श्वास चालू होता, आणि मला वाटलं, मी आता नाही म्हणालो तर तो श्वास थांबेल आणि पुन्हा कधीच सुरू होणार नाही. ते मला सहन झालं नसतं.

"बोलली," मी म्हणालो.

"काय?"

"म्हणाली, काका, किल्ली लावा ना, माझा भाऊ गुदमरतोय."

"मग?"

"मी म्हणालो, वरून चिठ्ठी आली की उघडतो. ती म्हणाली, आली की चिठ्ठी, आत्ता तुम्ही खिशात घातलीत. मी म्हणालो, ती उघडायची नाही."

त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता. नखं पांढरी झाली होती.

"मग ती म्हणाली, किल्ली तर तुमच्याच कमरेला आहे. आणि तुम्हाला वर उचललं."

मी पुढे बोललो, कारण आता थांबता येत नव्हतं. "मला दिसत होतं, साहेब. कागद वाचता येत नव्हता, पण माणसं दिसत होती. त्यांचे चेहरे गजांमध्ये आले होते. किल्ली लावायला कोणाची चिठ्ठी लागत नव्हती. पण विनाकारण गेट उघडलं म्हणून कोणी विचारलं, कागदात काय लिहिलं होतं ते दाखव म्हणाले, तर मला वाचता येत नाही हे कळेल. मला त्याची भीती वाटली. त्यांच्या मरणापेक्षा जास्त. तुम्हाला आत घेतलं, खाली उतरवलं, तेव्हाही किल्ली कमरेलाच होती. मग मी तिला हात द्यायला वळलो, तर ती..."

"पुरे."

बाहेर माळी पाणी मारत होता. नळीचा आवाज येत होता. आकडेसाहेबाने चिठ्ठी उचलली, नीट घडी केली आणि खिशात घातली. त्याच्या तोंडावर राग नव्हता. काहीच नव्हतं. कोणीतरी आतून शटर ओढून घ्यावं तसं झालं होतं.

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. काका म्हणाला नाही. पुढे कधीच म्हणाला नाही.

घरी मी बायकोला तेही सांगितलं. तिने ताट वाढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. ती अजूनही मला अहो म्हणूनच हाक मारते, पण त्या दिवसापासून हाक मारण्याआधी जरा थांबते.

मला काढलं नाही. शुक्रवारी फोनवर पाटीचा नवा मजकूर आला. सात नावं तीच. खाली: "गेट उघडण्याचा निरोप सेक्रेटरींनी वेळेवर पाठवला होता. गेटवाल्याने गेट उघडलं नाही." माझं नाव घातलं नव्हतं. मी बटण दाबलं. सगळ्यांच्या आधी. दुसऱ्या दिवशी कोचने माझ्याकडे न बघता कप पुढे केला आणि कप्तानाने वाट बदलली. वरच्या फलकावर सेक्रेटरीचं नाव पुन्हा रंगवलं, पेंटर मीच बोलावून आणला.

आता चार नंबरचं गेट सामन्याच्या दिवशी सताड उघडं असतं. माझी नेमणूक तिथे आहे. लेखी आहे. लोक माझ्या बाजूने आत जातात, पाटी वाचतात, काही जण मला पाणी कुठे मिळेल विचारतात.

खेळ सुरू व्हायच्या जरा आधी तो वरून खाली उतरतो. दर शनिवारी. माझ्यासमोर उभा राहतो, आणि आता खांद्यामागे बघत नाही, थेट तोंडाकडे बघतो.

"सांगा," तो म्हणतो.

मी सांगतो. काका, किल्ली लावा ना, माझा भाऊ गुदमरतोय. तिच्याच शब्दांत, शेवटच्या वाक्यापर्यंत. माझ्या म्हाताऱ्या घशातून तिचे शब्द येतात आणि तो डोळे मिटून ऐकतो. शेजारून माणसं जात असतात. काही जण हसतात, दोन म्हातारे काय कुजबुजताहेत म्हणून. तो म्हातारा नाही, पण त्या वेळी दिसतो.

मागच्या शनिवारी ऐकून झाल्यावर तो लगेच गेला नाही. विचारलं, "ओरडून म्हणाली, की हळू?"

"हळू," मी म्हणालो. "ओरडायला हवा उरली नव्हती."

त्याने मान हलवली. "मग तसं सांगा," तो म्हणाला. "पुन्हा."

मी आवाज खाली आणला आणि पुन्हा सांगितलं.